बोलोन्यातलं वळवट

दिवस पहिला

वाईच्या घरी मे महिना वळवटाचा. गच्चीवर जुनी धोतरं अंथरलेली, त्यावर शेवया, गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या वाळत घातलेल्या, आणि कावळे हाकायला आम्ही पोरं. गेल्या मे महिन्यात मात्र आई माझ्या शेजारी, मिलानहून बोलोन्याला जाणाऱ्या गाडीत बसली होती. वय एकाहत्तर. मी इटलीला जाणार म्हटल्यावर तिने विचारलं होतं, "तिकडे जाऊन काय करणार?" मी म्हटलं, "पीठ मळायला शिकणार." ती म्हणाली, "मग मीही येते."

गाडी तासाभरात पोचते. पो नदीचं खोरं सपाट, नजर जाईल तिथवर शेतं. आई काचेला कपाळ टेकवून बघत होती. "हा गहूच ना गं?" गहूच होता, अजून हिरवा.

बोलोन्याच्या स्टेशनात बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. ते 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवून ठेवलंय. 2 ऑगस्ट 1980 ला सकाळी याच वेळेला तिथल्या प्रतीक्षागृहात बाँबस्फोट झाला आणि 85 माणसं गेली. सुट्टीचा हंगाम होता, स्टेशन भरलेलं होतं. मी आईला सांगितलं. तिने बॅग खाली ठेवली, घड्याळाकडे बघून हात जोडले आणि मग आम्ही निघालो.

बाहेर पाऊस लागला होता, पण छत्री उघडावी लागली नाही. या शहरात रस्त्यांच्या कडेने कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, पोर्तिको म्हणतात त्यांना. सगळे मिळून बासष्ट किलोमीटर भरतात आणि 2021 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. मध्ययुगात विद्यापीठासाठी बाहेरून माणसं येत गेली, घरं अपुरी पडायला लागली, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्या पुढे आलेल्या माड्या आठवा. आईच्या गुडघ्यांना ती गुळगुळीत सपाट फरशी फार मानवली.

रात्री दहीभात. पहिल्या रात्री तिला तोच लागतो, आणि मलाही.

दिवस दुसरा

शिकवणी सकाळी नऊची. मी निवड करताना एकच गोष्ट पाहिली होती: जिथे यंत्र नाही, फक्त लाटणं. पास्ताच्या हौशी शिकवण्या इटलीत गल्लोगल्ली आहेत आणि पुष्कळ ठिकाणी हँडलचं यंत्र हातात देतात. तेही वाईट नाही. पण यंत्र फिरवायला शिकण्यासाठी इतक्या लांब जायचं कशाला? बोलोन्यात हाताने पातळ लाटलेल्या पोळीला स्फोल्या म्हणतात आणि ती लाटणाऱ्या बाईला स्फोलीना. आमच्या शिक्षिका अशाच एक स्फोलीना होत्या. साठी ओलांडलेल्या, मनगटं रुंद, केस रुमालात बांधलेले. त्यांना इटालियनखेरीज काही येत नव्हतं, म्हणून त्यांची लेक इंग्रजीत सांगायला होती. मी ते आईला मराठीत सांगायचे. तासाभराने मी सांगणं बंद केलं, कारण दोघी माझ्याकडे बघतच नव्हत्या.

आधी बाजार. मुख्य चौकाला लागून क्वाद्रिलातेरो नावाचा गल्ल्यांचा पट्टा आहे, मध्ययुगापासून तिथे बाजारच भरतो. शतावरीच्या जुड्या, सालासकट मटार, अंडी. अंड्यांपाशी बाई थांबल्या आणि गडद बलक हवा म्हणून बजावलं. पिवळ्याधमक बलकावरच स्फोल्याचा रंग ठरतो.

परतताना त्यांनी वाट वाकडी करून एक जुना वाडा दाखवला. तिथे शहराच्या व्यापारी मंडळाचं कार्यालय आहे आणि आत सोन्याची एक ताल्यातेल्ले जपून ठेवलेली आहे. ताल्यातेल्ले म्हणजे स्फोल्याच्या कापलेल्या लांब पट्ट्या. 16 एप्रिल 1972 ला इथे रीतसर नोंद झाली की शिजलेली ताल्यातेल्ले आठ मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. मनोरा 97 मीटरचा. हे वाचून कुणी हसेल, मला मात्र गहिवरून आलं. रोजच्या जेवणातल्या गोष्टीला गावाने आपल्या जुन्या उंच मनोऱ्याचं माप लावलं. आपल्या पुरणपोळीची, मोदकाची अशी नोंद कुठे आहे? पुढे 1974 मध्ये तोर्तेल्लीनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणाची आणि 1982 मध्ये रागूची, म्हणजे पास्त्यावरच्या मांसाच्या रश्शाची, कृतीही अशीच नोंदवली गेली. काळाबरोबर घरातली पद्धत बदलते म्हणून रागूची कृती 2023 मध्ये दुरुस्तही करून घेतली.

आता पीठ. प्रमाण तोंडपाठ होण्यासारखं: माणशी शंभर ग्रॅम पीठ, एक अंडं. पाणी नाही, तेल नाही, मीठही नाही. पीठ मऊ गव्हाचं, फार बारीक दळलेलं, हाताला आपल्या मैद्यासारखं लागतं. परात नसतेच. मोठ्या लाकडी पाटावर पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची, काट्याने आतल्या आत फेटत कडेचं पीठ ओढत जायचं. माझं आळं एका बाजूने फुटलं आणि अंडं पाटाच्या काठाकडे धावलं. आईने न बोलता तळहात आडवा धरला आणि ते परत आत लोटलं.

मळणं दहा-पंधरा मिनिटं. तळहाताच्या टाचेने पुढे लोटायचं, घडी घालायची, फिरवायचं. हा गोळा आपल्या कणकेपेक्षा बराच घट्ट असतो, पुरीच्या कणकेहूनही. सुरुवातीला तो खरबरीत, तुटका. मग एका क्षणी हाताखाली बदलतो. तो क्षण मला कळला नाही, आईला कळला. ती थांबली, बोटाने दाबलं, खळगा हळूच भरून आला. "झालं," ती म्हणाली. बाईंनीही त्याच वेळी मान डोलावली. माझा गोळा त्यांनी अजून पाच मिनिटं मळायला लावला. नंतर गोळे झाकून अर्धा तास मुरवत ठेवायचे. का, ते आईला सांगावं लागलं नाही. मळताना पिठातला चिकटपणा ताणून घट्ट होतो, तो सैलावला की पीठ लाटण्याला ऐकतं. तिच्या भाषेत, "कणीक तिंबून ठेवल्याशिवाय पोळी कशी होईल?"

लाटणं मात्र तिला नव्याने शिकावं लागलं आणि हे मला सगळ्यात पाहण्यासारखं वाटलं. इथल्या लाटण्याला मात्तारेल्लो म्हणतात. जवळजवळ मीटरभर, सरळ, मुठी नसलेलं. आईचा हात पन्नास वर्षांच्या सवयीने पिठीच्या डब्याकडे गेला. बाईंनी मनगट धरलं: नाही. पिठी लावली की पोळी कोरडी पडते आणि कडा चिकटत नाहीत. मग आईने कडेकडेने दाब देऊन पोळी आपोआप फिरवायला घेतली. तेही नाही. स्फोल्या मधून पुढे लाटायची, हाताने पाव वळसा द्यायचा, पुन्हा मधून पुढे. मोठी झाली की तिचं वरचं टोक लाटण्याभोवती गुंडाळायचं आणि गुंडाळता गुंडाळता दोन्ही तळहात मधून बाहेर सरकवायचे. अशी ती आडवी ताणली जाते. खालची कड पाटावरून लोंबत असते, ती पोटाने पाटाशी दाबून धरायची. म्हणजे लाटणारी बाई सगळी त्यात उतरलेली असते, हात, खांदे, पोट. आई तीनदा चुकली. चौथ्यांदा तिने डोळे मिटले आणि तळहात सरकवले.

बाईंनी तिची पोळी उचलून खिडकीसमोर धरली. इथे म्हण आहे की स्फोल्यातून सान लुका दिसलं पाहिजे. सान लुका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं देऊळ. खिडकीतून टेकडी दिसत नव्हती, पण समोरच्या इमारतीचा तांबडा रंग पोळीतून आरपार आला. माझी पोळी मध्ये जाड राहिली होती. ती वाया गेली नाही, तिच्या ताल्यातेल्ले झाल्या. पोळी किंचित सुकवायची, पण कडक होऊ द्यायची नाही, सैल गुंडाळी करायची आणि सुरीने कापायची. सात मिलिमीटर कापली की शिजून आठ होते. लाकडाच्या पाटावर लाकडाने लाटल्यामुळे वरचा पृष्ठभाग खरबरीत राहतो, त्यावर रस धरतो. यंत्राच्या गुळगुळीत पट्टीवरून तो ओघळतो. खाताना हा फरक जिभेला लगेच कळला.

आईच्या पोळीचे तोर्तेल्लोनी. बोलोन्यातले प्रसिद्ध ते तोर्तेल्लीनी, छोटे, मांसाच्या सारणाचे. तोर्तेल्लोनी त्यांचे थोरले भाऊ, आत रिकोत्ता आणि पार्मिजानो ही चीजं, पार्स्ले आणि जायफळ. आई अंडं खाते, मांस नाही, म्हणून हे. चौकोनावर चमचाभर सारण, त्रिकोणी घडी, हवा बाहेर काढून कडा दाबायच्या, मग बोटाभोवती वळवून दोन टोकं एकमेकांत चिकटवायची. आयुष्यभर मोदक आणि करंज्या केलेल्या बाईला हे काय सांगायचं! पहिलाच तोर्तेल्लोनी तिने असा मिटवला की बाईंनी लेकीला हाक मारून दाखवला. माझे चार उकळत्या पाण्यात फुटले. वर लोणी आणि त्यात कुरकुरीत केलेली सेजची पानं, बाकी काही नाही. मी ताल्यातेल्लेवर रागू घेतला. खिमा, थोडं डुकराचं मांस, कांदा-गाजर-सेलरी, वाइन, टोमॅटो अगदी बेताचा, आणि मंद आचेवर काही तास. इथे कुणी तो स्पॅगेटीवर वाढत नाही.

पाट पुसायच्या आधी कडेची कातरणं उरली होती. त्यांना माल्ताल्याती म्हणतात, म्हणजे वेडीवाकडी कापलेली. ती टाकत नाहीत, घेवड्याच्या सुपात घालतात. बाई ती गोळा करायला लागल्या, तेवढ्यात आईने त्यातलं एक उचललं, चिमटीत मऊ केलं, दोरीसारखं वळलं आणि अंगठा आणि तर्जनीने एकेक गव्हला तोडून पाटावर टाकत गेली. गव्हाच्या दाण्याएवढे, दोन्हीकडे निमुळते, झरझर. पाच मिनिटांत तळहातभर झाले. स्वयंपाकघरात कुणी बोलेना.

बाईंनी एक गव्हला उचलून उजेडात धरला. मग कितीतरी वेळ लेकीशी बोलल्या. लेकीने सांगितलं, "आई म्हणतेय, परवा परत या. शिकवणी नाही, अशाच या. तिच्याकडे एक पेत्तिने आहे, ती दाखवायची आहे."

पेत्तिने म्हणजे फणी.

दिवस तिसरा

हा दिवस लिहावा की नाही, असं वाटत होतं. लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या आईला तरी उपयोगी पडेल.

सकाळी पार्मिजानो रेज्जानोची एक डेअरी बघायला गेलो. नाव देत नाही, माणसं फार चांगली होती. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरून ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात आणि उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढयांत ओततात. त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं विरजण. दूध धरलं की मोठ्या तारेच्या रवीने दही फोडतात, तांदळाच्या दाण्याएवढं बारीक. मग सुमारे पंचावन्न अंशांपर्यंत तापवतात. दाणे तळाशी बसून एकजीव होतात. दोघं माणसं तो गोळा कापडात धरून वर काढतात आणि सुरीने दोन भाग करतात, त्यांना जुळी म्हणतात. पाण्यातून बाळ वर यावं तसा तो गोळा वर येतो. आई अगदी पुढे जाऊन उभी होती.

पुढे मिठाच्या पाण्यात तीनेक आठवडे आणि मग फळ्यांवर किमान बारा महिने. एकेक गोळा चाळीस किलोच्या आसपास. बारा महिने झाले की परीक्षक छोट्या हातोडीने प्रत्येकावर ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी असेल तर नाद बदलतो. मडकं घेताना टिचकी मारून बघतो, तसं.

शेवटी चव घ्यायला तुकडे आले. आईने एक हातात घेतला आणि विचारलं, "यात दूध कशाने फाडतात?" मी मार्गदर्शकाला विचारलं. त्याने स्वच्छ सांगितलं: वासराच्या पोटातलं रेनेट. नियमानेच तसं आहे, दुसरं वापरता येत नाही.

मी ते मराठीत सांगितलं. आईने तुकडा परत ताटलीत ठेवला.

"काल सारणात होतं ना हे?"

"हो."

गाडीत बराच वेळ ती गप्प होती. मला फार लागलं. सहा महिने या सहलीची तयारी करताना मी पोर्तिकोच्या कमानी मोजल्या, स्फोल्याची जाडी वाचली, आणि जी गोष्ट तिच्या पोटात जाणार होती ती वाचली नव्हती. उतरताना ती म्हणाली, "अजाणता झालं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. आता मात्र मला नको."

म्हणून सांगते. पार्मिजानो, ग्राना पादानो, पेकोरीनो रोमानो, या सगळ्यांत प्राण्याचं रेनेट असतं. रिकोत्ता चीजच्या उरलेल्या निवळीपासून करतात, म्हणजे त्याचाही रेनेटशी संबंध येतो. ज्यांना चालत नाही त्यांनी दुकानात 'काल्यो वेजेताले' हे शब्द विचारावेत, त्याचा अर्थ वनस्पतिजन्य रेनेट. तशी चीजं इटलीत मिळतात. शिकवणी ठरवतानाच हे कळवून ठेवावं. फक्त 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण तिथल्या बहुतेकांच्या लेखी चीज शाकाहारीच असतं.

दिवस चौथा

सकाळी सान लुका. शहराच्या वेशीपासून देवळापर्यंत पावणेचार किलोमीटरचा अखंड पोर्तिको आहे, 666 कमानींचा. जगात एवढा लांब दुसरा नाही. आम्ही सपाटीचा भाग बसने केला आणि चढ पायी. पर्वती चढताना आई जशी दर टप्प्यावर थांबते, तशी कमानीकमानीला थांबत चढली. देवळात मरियमचं जुनं चित्र आहे. 1433 मध्ये वसंतातला पाऊस थांबेना, पीक जायची वेळ आली, तेव्हा ते मिरवणुकीने शहरात आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दर वर्षी, साधारण मे महिन्यात, ते टेकडीवरून शहरात येतं, आठवडाभर राहतं आणि परत जातं. "म्हणजे पालखीच की," आई म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेऊन आत गेली.

दुपारी बाईंकडे. लेकीमार्फत मी चीजचं आधीच कळवलं होतं. दार उघडल्या उघडल्या त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाल्या. लेक भाषांतर करणार एवढ्यात आई म्हणाली, "राहू दे. कळलं."

टेबलावर कापडात गुंडाळलेली फणी होती. तळहाताहून थोडी मोठी, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये वेताच्या बारीक काड्या दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. बाईंच्या सासूबाईंची. गार्गानेल्ली हा शेजारच्या रोमान्या भागातला पास्ता यावर करतात: स्फोल्याचा लहान चौकोन कोनावर ठेवायचा, पेन्सिलीएवढी काडी धरून त्याभोवती वळवायचा आणि फणीवरून दाबत एकदाच पुढे न्यायचा. काडी काढली की रेघारेघांची नळी हातात. पूर्वी या फण्या हातमागाच्या असत, ज्यातून ताण्याचे धागे ओवतात त्या. लेक हे सांगत असताना मी आईकडे पाहिलं. मराठीतही मागाच्या त्या भागाला फणीच म्हणतात. वाईला आमच्या आजीची फणुल्यांची फणी साधी, केस विंचरायची, पण कोरी आणि फक्त त्याच कामाची, देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलेली असायची.

आईने फणुल्या करून दाखवल्या. हरभऱ्याएवढी गोळी, फणीच्या दातांवर ठेवून अंगठ्याने दाबत मागे ओढायची. गोळी स्वतःभोवती वळते, आत पोकळी आणि पाठीवर रेघा. बाईंनी करून पाहिली. पहिली चपटी झाली. आईने त्यांचा अंगठा धरून कोन बदलला, परवा बाईंनी तिचं मनगट धरलं होतं तसाच. दुसरी जमली.

मग मी बसले. माझ्या लग्नाच्या वेळी घरात गव्हल्यांचा मुहूर्त झाला होता. पाच सवाष्णींनी पाटावर बसून पहिले गव्हले वळले, पुढे रुखवतासाठी आईने रात्री जागून वळवट पुरं केलं. मी त्या दिवसांत ऑफिसातून उशिरा येत होते. तेव्हा एकदाही तिच्याजवळ बसले नाही. नंतर विकतचे मिळायला लागले आणि विषयच राहिला नाही. आता बोलोन्यात, दुसऱ्या कुणाच्या सासूच्या फणीवर, आई माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवून सांगत होती, "दाबू नकोस, ओढ. दाबलीस की चिकटते." अठरा-वीस वाया गेल्यावर एक झाली. आईने ती वेगळी काढून ठेवली.

गार्गानेल्ली शतावरी आणि ताज्या मटारात, लोण्यावर. किसलेलं चीज टेबलावर आलंच नाही. चौघींनी ताटल्या पुसून खाल्ल्या.

दिवस पाचवा

निघायच्या आधी क्वाद्रिलातेरोजवळच्या भांड्यांच्या दुकानातून माझ्यासाठी मात्तारेल्लो घेतलं. ते लांब असतं, मोठ्या बॅगेत तिरकं टाकावं लागतं, हे ध्यानात ठेवूनच बॅग आणावी. आईसाठी पेत्तिने. तिने आधी दातांवरून अंगठा फिरवून पाहिला, दोन नाकारल्या, तिसरी घेतली.

वाटेत दोन्ही मनोरे पाहिले. धाकटा गारिसेंदा इतका कलला आहे की 2023 पासून भोवती कुंपण घालून त्याला सावरण्याचं काम चालू आहे, त्यामुळे आसिनेल्लीच्या 498 पायऱ्याही चढता आल्या नाहीत. आईने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "याचाच तो बारा हजारावा भाग?"

मिलानच्या गाडीत तिने मांडीवर कागदी पिशवी उघडली. आदल्या दिवशीच्या फणुल्या रात्रभर कापडावर वाळवून बाईंनी बांधून दिल्या होत्या, माझी जमलेली ती एकसुद्धा त्यात होती. आईने दोन बोटांत धरून एक मोडून पाहिली. कटकन मोडली.

"चांगल्या वाळल्यात," ती म्हणाली. "पण अंड्याच्या आहेत, खिरीत नाही चालायच्या. घरी गेलीस की बारीक रवा आण, आणि दूध. परवाच बसू."